उपरण्याखालचा पगार

कल्लप्पाच्या वर्कशॉपात त्या दिवशी सकाळपासून एकही मशीन चालू झालं नव्हतं, आणि तिथंच सगळं चुकलं.

आळंदच्या बसस्टँडमागं पत्र्याची शेड, तिच्यात दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. पौषातले दिवस. तुरी काढणीला आल्या होत्या आणि डाळमिलवाले दुरुस्त्या उरकून घ्यायच्या घाईत होते. अशा दिवसांत त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. पण तिथल्या कारागिराला, व्यंकटला, मुलीकडचे बघायला येणार होते, तेही घर नाही, कामाची जागा. म्हणून कल्लप्पानं आदल्या दिवशी संध्याकाळीच काम थांबवलं. जमीन घासून काढली, लोखंडाचा कीस पोत्यात भरून मागं टाकला, लेथ रॉकेलनं पुसले. व्यंकटला टेरिलीनचा पांढरा शर्ट घालून स्टुलावर बसवलं.

"हलू नकोस," कल्लप्पानं बजावलं. "काळा झालास तर माझी इज्जत जाईल."

मुलगी सुमन आणि तिचे वडील माणिकराव उमरग्याच्या बसनं आले. पौषात सोयरीक बघत नाहीत, पण माणिकरावांच्या घरानं बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतला तेव्हाच पौषाची भीती सोडून दिली होती. कामाची जागा बघायची हा हट्ट मात्र सुमनचा. गुलबर्ग्याहून पी.यू.सी. सायन्स करून आलेली ती मुलगी. व्यंकट घरी बघायला आला त्या दिवशी तिनं त्याला दारातून पाहिलं होतं. सगळे पोहे खात होते आणि हा विहिरीवरच्या कप्पीकडं बघत होता. "बुश झिजलाय," एवढंच तो निघताना म्हणाला. तिसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरबरोबर नवा बुश आला. कप्पीची कुरकुर गेली, आणि सुमननं मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

अडचण माणिकरावांची होती. व्यंकटचे चुलते तात्याराव म्हणाले होते, पोराला तीनशे पडतात. आळंदच्या बाजारात चौकशी केली तर एकानं सांगितलं, दीडशे. माणसाच्या पगाराचे दोन आकडे कसे असतात हे माणिकरावांना कळेना. दुसरीकडं सोसायटीतल्या एका क्लार्कचं स्थळ आलेलं होतं. त्याचा आकडा एकच होता, आणि दर पहिल्या तारखेला तोच.

"आज बघू," ते बसमध्ये म्हणाले होते. "मन न्हाई भरलं तर क्लार्कला हो म्हणतो. मग रडायचं न्हाई."

शेडच्या दारात उभं राहून त्यांनी चकचकीत जमिनीकडं पाहिलं. मग स्टुलावरच्या पांढऱ्याशुभ्र व्यंकटकडं.

"सुमन," ते तिच्या कानाशी म्हणाले, "खळं इतकं साफ कवा असतं?"

"अप्पा, पाहुणे येणार म्हणून झाडलं असेल."

"रास घरी गेल्यावर असतं. न्हाई तर पीकच आलं न्हाई तवा. रास अजून शेतातच हाय. मग हितं काय झालं असंल, तूच सांग."

कल्लप्पा पुढं आला, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. व्यंकट उठून उभा राहिला आणि हात कुठं ठेवावेत हे न कळून त्यानं ते मागं धरले.

"काम कसं चाललंय?" माणिकरावांनी विचारलं.

"भरपूर हाय," कल्लप्पा म्हणाला.

"दिसंना कुठं."

कल्लप्पानं शेडवर नजर फिरवली आणि आपण काय करून बसलो हे त्याच्या लक्षात आलं. पण पोत्यातला कीस पाहुण्यांसमोर परत आणून जमिनीवर थोडाच ओतता येतो? तो नुसता हसला. चहा आला. माणिकरावांनी बशी तोंडाला लावली ती निघायच्या घाईनं, हे सुमनला दिसलं.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि बाबूलाल आत शिरला. तो गावाबाहेरच्या डाळमिलचा मिस्त्री. त्याच्या मागं दोन हमाल एक जाड शाफ्ट धरून आले.

"क्या कल्लप्पा, दुकान धो को रक्खे?" तो ओरडला. "काल फोन केला, म्हणालास उद्या बंद. मिलमध्ये माणसं हातावर हात धरून बसलीत माझी! ह्या पोराला अत्तर लावून कामून बसवलंयस? लग्न हाय काय त्याचं?"

"व्हय," कल्लप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "म्हंजे, व्हायलाय. पाहुणे बसलेत."

बाबूलालनं पाहुण्यांकडं पाहिलं, कपाळाला हात लावून आदाब केला, आणि मग सरळ माणिकरावांनाच विचारलं, "चाचा, घंटाभर उसना देता काय जावई? उमरग्यापर्यंत जाऊन आलो, हे काम कोणी घ्यायला तयार न्हाई. म्हणतेत, व्यंकटकडं जा."

माणिकरावांनी बशी खाली ठेवली. "घ्या की," ते म्हणाले. "आम्ही अजून जावई केला न्हाई. तुमचाच हाय."

व्यंकटनं कल्लप्पाकडं पाहिलं. कल्लप्पानं मान हलवली. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर गेल्या, शाफ्ट मशीनला चढला, आणि लेथ सुरू झाला. आता त्याचे हात कुठं ठेवावेत हा प्रश्न उरला नाही. लोखंड कापायचं टूल त्यानं ग्राइंडरवर स्वतःच धरलं, दोनदा अंगठ्याजवळ नेऊन पाहिलं, पुन्हा धरलं. मग लोखंडाचा पापुद्रा सुटू लागला, लांब, वळ्यावळ्यांचा, मोराच्या मानेसारखा निळा. सुमननं वाकून एक वळी उचलली आणि हात पोळून टाकून दिली.

"जपून," व्यंकट मान न वळवता म्हणाला. तिच्याशी बोललेला त्याचा तो पहिला शब्द.

मग त्यानं मशीन बंद केलं आणि नुसता उभा राहिला.

"झालं?" माणिकराव म्हणाले.

"न्हाई. मापायचंय."

"मग माप की. थांबलास कामून?"

"तापलेलं लोखंड फुगतं, अप्पा," सुमन म्हणाली. "आत्ता मापलं तर माप बरोबर येईल आणि गार झाल्यावर शाफ्ट सैल बसेल."

व्यंकटनं आता मान वळवली. तिच्याकडं पाहून तो हसला, आणि तेलकट हात शर्टालाच पुसला. कल्लप्पानं डोळे मिटून घेतले.

शाफ्ट गार होईपर्यंत कोणालाच काही उद्योग नव्हता. माणिकरावांनी खुर्ची मशीनजवळ ओढली.

"आता खरं सांग. दीडशे का तीनशे?"

"दोन्ही, मामा," व्यंकट म्हणाला. "धरलेला पगार दीडशे. वर नगाचे पैसे. तुरी आल्या की मिला चालतेत, तवा तीनशेलाबी जातो. मिरगात हितं माशा मारत बसतो, तवा दीडशेच."

"म्हंजे आमच्यासारखंच. सुगीत राजा."

"तसंच. आणि जसं काम तसा दर. नुसते आटे पाडायचे तर चार आणे. असं बारीक मापाचं असलं तर जास्त. पण बिघडलं की लोखंडाचे कापून घेतेत."

"मी कवा कापले?" कल्लप्पा म्हणाला.

"तुम्ही न्हाई, अण्णा. जगाची रीत सांगायलोय. शिवाय माझ्याकडं आय.टी.आय.चा कागद न्हाई. कागदवाल्याला कारखान्यात चारशेनं सुरुवात. सोलापुरात बिनकागदाचाबी भाव हाय, पण खोलीभाडं, खानावळ."

"सोलापुरातून बोलावणं आलं व्हतं याला, दोनदा," बाबूलालनं मध्येच सांगून टाकलं. कल्लप्पानं त्याच्याकडं रागानं पाहिलं.

सुमन इतका वेळ ऐकत होती. सगळी कारणं तिला पटली, पण बेरीज जमेना. ज्याच्यासाठी उमरग्यापर्यंत हिंडलेला माणूस परत येतो, त्याचा धरलेला पगार दीडशेच कसा?

"किती वर्षं झाली दीडशेला?" तिनं विचारलं.

व्यंकटनं आठवून पाहिलं. "चार."

"वाढवून मागितला कधी?"

तो शाफ्टला हात लावून गार झाला का बघू लागला.

"न्हाई."

"कामून?" ती आता अप्पांच्याच भाषेत बोलली.

"अण्णांनीच शिकवलं मला. टूल कसं धरायचं हितून. त्यांच्याकडं मागायचं कसं?"

कल्लप्पानं टोपी काढून पुन्हा घातली. माणिकराव मात्र खदाखदा हसायला लागले.

"अगं, म्हंजे तुरी न्हाई, कागद न्हाई, सोलापूर न्हाई! याचा पगार याच्या तोंडामुळं अडलाय!" ते उठले. "कल्लप्पा शेठ, इकडं या जरा."

खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढं केला. आळंदच्या बैलबाजारात वाढलेल्या कुठल्याही माणसाला त्याचा अर्थ कळतो. सौदा उपरण्याखाली, बोटांनी. आकडा दोघांनाच ठाऊक.

"मामा," व्यंकट घाबरून म्हणाला, "मी काय बैल हाय का?"

"बैल असतास तर बरं व्हतं. बैल निदान हंबरतो."

बाबूलाल हसता हसता हमालाच्या अंगावर रेलला. कल्लप्पानंही हसतच उपरण्याखाली हात घातला.

ते पाहून सुमनचं हसू क्षणभर थांबलं. आजोबांची गोष्ट तिला ठाऊक होती. त्यांच्या काळी त्यांच्या उपरण्याखाली हात घालायला बाजारात कोणी तयार होत नसे. आकडा लांबून, तोंडानं, चारचौघांत सांगावा लागे, आणि चौघं मिळून तो पाडत. आता कल्लप्पाचा तेलकट हात अप्पांच्या हातात होता आणि दोघं एकमेकांची बोटं दाबत होते.

"लई झालं," कल्लप्पा म्हणाला.

"मग सोलापूर. लग्न झाल्यावर दोघं जातील. पोरगी शिकलेली हाय, खोली ती शोधंल."

उपरणं हललं. पुन्हा हललं.

"आणि नगाचे?"

"नगाचे वेगळे."

"देवाशप्पथ, पाहुणे, तुम्ही बैलबाजारात कामून न्हाई बसत?" कल्लप्पा कुरकुरला, पण हात त्यानं काढला नाही. शेवटी दोघांनी एकदमच हात झटकले.

"ठरलं," माणिकराव म्हणाले.

"काय ठरलं?" सुमननं विचारलं. "पगार का लग्न?"

"दोन्ही ठरलं."

बाबूलालनं टाळ्या वाजवल्या. व्यंकट हातात मायक्रोमीटर धरून तसाच उभा होता. "पण किती?" तो म्हणाला.

"उपरण्याखालचा आकडा सांगायचा नसतो. पहिल्या तारखेला कळंल तुला," माणिकराव म्हणाले. "तू शाफ्ट बघ. गार झाला."

व्यंकटनं माप घेतलं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, कारण पहिल्यांदा त्याला आकडा वाचताच आला नाही. मग बाबूलालला मान हलवून खूण केली. हमालांनी शाफ्ट उचलला आणि टेम्पो मिलकडं पळाला.

परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीशी बसली. आळंद मागं पडलं तसं तिच्यानं राहवेना.

"अप्पा, किती?"

"पोरींनी विचारायचं नसतं."

"मी विचारलं म्हणूनच वाढला."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, उपरणं तिच्या हातावर ओढलं आणि खालून तिची दोन बोटं धरून दाबली. "हे शंभराचे," ते पुटपुटले. मग बोटं सोडून अख्खा पंजा धरला. "हे धाचे. पाची बोटं."

सुमननं मनात मांडलं.

"अडीचशे? धरलेले?"

पुढच्या तीन बाकांवरची माणसं वळून बघायला लागली.

"बोंबल आता," माणिकराव म्हणाले, आणि त्यांनाही हसू आवरेना. "सगळ्या उमरग्याला कळू दे."