बंडूजींचे चार मार्क

वर्ध्याच्या बाजारात बंडूजींचं साड्यांचं दुकान होतं. धंदा झकास, तब्येत ठणठणीत, पण कोणी "कसं काय, बंडूजी?" विचारलं की चेहरा असा पाडायचे, जसं काही आत्ताच दुकानाला कुलूप लागणार आहे. "मंदी हाये जी. चाललं हाये कसंतरी." गिऱ्हाइकासमोर बरं चाललंय म्हणायचं म्हणजे आपणच भाव पाडून मागायला सांगायचं, हे वडिलांनी त्यांना गादीवर बसवतानाच शिकवलं होतं.

२००६ च्या दिवाळीआधी बोरगाव मेघेतल्या त्यांच्या शेजाऱ्यांची इला दुकानात आली. काही देशांतली माणसं दुसऱ्यांपेक्षा जास्त सुखी का असतात, याचा तिला कॉलेजसाठी अभ्यास करायचा होता.

"काका, दहापैकी तुम्ही किती सुखी?"

दुकानात गर्दी. प्रमिलाबाई जांभळी साडी हातात धरून घासाघीस करत होत्या. बंडूजींनी उसासा टाकला. "लिव्ह पोरी, चार. तेही तू घरची म्हून."

इला भोळी. घरी जाताच तिनं बंडूजींच्या बायकोला, शोभाबाईंना सांगून टाकलं, "काकू, तुम्ही नऊ म्हणालात, काका तर चारच म्हणाले!"

झालं! संध्याकाळी बंडूजी जेवायला बसले, तर ताटात कोरडा वरणभात.

"तूप नाई काय व?"

"चार मार्कवाल्या घरात कुठचं तूप?"

"अवं, ते दुकानातलं बोलणं होतं!"

"मंग घरातलं सांगा. माह्यासंगं एवढा संसार केला, कसं वाटते तुमाले?"

बंडूजींचा जीव खरंच भरून आला. या बाईशिवाय आपलं पान हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण जन्माची सवय मेली!

"चाललं हाये," ते बोलून गेले.

शोभाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "यंदाची दिवाळी मी हिंगणघाटले भावाकडे करतो," त्या म्हणाल्या आणि पिशवी भरायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी घराची किल्ली द्यायला त्या दुकानात आल्या. प्रमिलाबाईही त्याच साडीसाठी पुन्हा हजर होत्या. पायरीवर पिशवी पाहून बंडूजी गादीवर उभेच राहिले.

"ऐका हो सारे! धंदा मस्त हाये. बायको लाखात एक हाये. मी दहापैकी दहा सुखी हाये!"

प्रमिलाबाई लगेच म्हणाल्या, "असं काय? मंग या साडीचा भाव कमी करा."

"माह्याही!" मागून आवाज आला.

बंडूजींनी पायरीकडे पाहिलं. शोभाबाई पिशवी खाली ठेवून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"करतो," बंडूजी म्हणाले. "आज साऱ्यायले कमी."

त्या संध्याकाळी ताटात तुपाची धार होती, पण आधी शोभाबाईंनी त्यांना दारात उभं करून मीठ-मिरच्या ओवाळल्या. "भर बाजारात दहा सांगतेत काय? किती नजरा लागल्या असतीन!"

मिरच्यांच्या धुरात खोकत इला कुंपणाशी आली. "काका, मग नक्की किती लिहू?"

"चारच राहू दे," शोभाबाई म्हणाल्या. "अन् माह्ये नऊ हायेत ना, तेही चार कर."

"काकू, अशानं सुखी देशांच्या यादीत आपला देश खाली जाईल!"

"जाऊ दे व बाई. लागू दे नजर त्या वरच्यायले."