एकोणनव्वदची आंघोळ

आमच्या सुखोदोलच्या शाळेत नवीन आलेली इस्क्रा बाई हुशार आहे. पण तिला वाटतं की एखादं साल म्हणजे ओट्यावर ठेवलेला भोपळा. चारी बाजूंनी फिरून पाहिला की कळतो. म्हणून एका रविवारी दुपारी तिनं गावातल्या म्हाताऱ्यांना वाचनालयाच्या खोलीत जमवलं, तिपाईवर कॅमेरा उभा केला आणि म्हणाली, "प्रत्येकानं आपापलं एकोणनव्वद साल सांगायचं. एक जण बोलताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही." हा नियम आमच्या गावात! पोरगी बाहेरगावची, तिला काय ठाऊक.

मी गेले ते साल समजून घ्यायला नाही. ते मला पुरेसं समजलं आहे. मला एकच गोष्ट हवी होती. त्या वर्षी सप्टेंबरात माझ्या आईला पुरलं, तेव्हा तिला कुणी आंघोळ घातली होती का?

आम्ही तुर्क, म्हणजे मुसलमान; गावातले बाकीचे ख्रिस्ती. आमच्यात मयताला आंघोळ घातल्याशिवाय मातीत ठेवत नाहीत, आणि बाईला बाईच घालते. पण त्या सप्टेंबरात आमच्यातली हातीपायी धड अशी एकही बाई गावात उरली नव्हती. तेव्हा आई कामाच्या कपड्यांत, तंबाखूच्या चिकानं काळे झालेले हात घेऊन तशीच खाली गेली, असं मी धरून चालले होते. धरून चाललं की माणूस चालतं. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही आलं नाही. लोक म्हणतात, नाझमियेचं काळीज दगडाचं आहे. असेल.

त्याच्या चार वर्षं आधी इथल्या सरकारनं आमची नावं काढून घेतली होती. मी नाझमिये, ती कागदावर नादेझ्दा झाले. आईचं नाव साब्रिये, तिला सोफिया केलं. कचेरीत कुणी "सोफिया" म्हणून हाक मारली की ती मागे वळून बघायची, ही सोफिया कोण आली म्हणून. आमच्या भाषेत बोललं तर दंड, आमच्या रीतीनं पुरलं तर चौकशी. मग एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात एकदम सीमा उघडली. म्हणाले, सहलीचा पासपोर्ट देतो, जा तुर्कस्तानात फिरून या. त्या सहलीला लोक शिवणयंत्रं, पलंग आणि दारांच्या चौकटीसुद्धा घेऊन गेले.

मी, माझा नवरा रेजेप आणि दोन मुलं जुलैत निघालो. आई आली नाही. "तंबाखू उभी आहे, गाय दुभती आहे," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. पाचोळा पडला की येते." ऑगस्टमध्ये पलीकडच्यांनी सीमा बंद केली. आई गेल्याचं मला तिकडे तुर्कस्तानात, बुर्सा शहरात तोंडोतोंडी कळलं, तेव्हा मी एका कारखान्यात मोज्यांच्या जोड्या लावत होते. कळल्यावरही लावत राहिले. मुकादमाला वाटलं, बाईला ऐकू आलं नाही.

पुढच्या वसंतात सरकार पडलं होतं, नावं परत मिळाली होती, आम्हीही परत आलो. सामान गाडीतून उतरवायच्या आधी मी शेजारी दोब्रिनाच्या दारात गेले. दोब्रिना ख्रिस्ती, आईपेक्षा वयानं लहान, पण भिंतीला भिंत, दोघींचं सकाळपासून एकमेकींच्या अंगणात. मी विचारलं, "आईला शेवटी कुणी बघितलं?" ती म्हणाली, "मला काही माहीत नाही," आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं कोंबड्यांपुरतं. तुझी इकडे आली, माझी तिकडे गेली. मी समजायचं ते समजले. शेजारीण मेलेली बघून ही कडी लावून बसली होती, म्हणून आता तोंड लपवते. इतरांना विचारलं तर सगळे कानावर हात ठेवत.

तर त्या रविवारी पहिल्यांदा बोलायला बसला क्रुम. हा त्या वेळी गावचा पोलीस हवालदार. आता ऐंशीचा, कानात यंत्र, पण छाती अजून पुढेच.

"क्रुमआजोबा, तुमच्या मते ते वर्ष कसं होतं?" इस्क्रानं विचारलं.

"कष्टाचं!" क्रुम म्हणाला. "दिवसभर नाक्यावर उभा. गाड्यांची रांग संपेना. मी कुणाला हाकललं नाही. वरून हुकूम यायचा, मी खाली सांगायचो. आणि एक सांगतो, गावातला एकुलता एक चांगला चांभार त्या रांगेत निघून गेला. हिवाळाभर मी फाटक्या बुटांत. त्याचं कुणाला काही आहे?"

"अरेरे," मी म्हणाले. "आम्हाला माहीत असतं तर थांबलो असतो."

"मध्ये बोलायचं नाही, नाझमियेआजी," इस्क्रा म्हणाली.

क्रुमनं खिशातून रुमाल काढला आणि पुढे सांगितलं, की धार्मिक रीतीनं पुरणं होत असेल तर त्याची खबर वर देणं हे त्याचं काम होतं. "पण सप्टेंबरात एक म्हातारी गेली," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "त्या दिवशी मी नदीवर मासे धरायला गेलो. सबंध दिवस. नाही तर मला बघावं लागलं असतं."

क्रुमनं जन्मात मासा धरलेला नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण बघावं लागलं असतं म्हणजे काय? बघण्यासारखं काहीतरी घडलं होतं म्हणजे? माझे हात मांडीवर होते, ते मी तिथेच ठेवले.

दुसरा ल्युबेन. हा शहरातला दातांचा डॉक्टर. त्या वर्षी कॉलेजात होता. आम्ही निघून गेल्यावर शेतात तंबाखू तशीच उभी राहिली, म्हणून सरकारनं विद्यार्थ्यांना बसमध्ये भरून तोडायला पाठवलं, त्यातला हा. इस्क्रानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं, वेगळी बाजू हवी म्हणून. तो केकचा डबा घेऊन आला होता.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर वर्ष. विशीतली पोरं-पोरी, गिटार, रात्रभर गप्पा. तंबाखूचा चीक बोटांना असा बसायचा की लिंबानंही निघेना. माझी बायको मला तिथेच भेटली." मग त्याला आपण कुठे बसलो आहोत ते आठवलं असावं. "म्हणजे... तुमच्यासाठी तसं नव्हतं, हे कळतं मला."

"राहिलात कुठे?" मी विचारलं. या वेळी इस्क्रानं अडवलं नाही.

"चर्चच्या खालच्या बाजूला, निळ्या दाराच्या घरात. एका खोलीत एक आजी होती, बाकी घर रिकामं."

निळं दार आमचं. रेजेपनं निघायच्या आधीच्या उन्हाळ्यात रंगवलं होतं. माझ्या घरात गिटार वाजत होती तर! वाजली असेल. रिकाम्या घरात दुसरं काय करणार पोरं.

"आजी फार छान होती," ल्युबेन सांगत होता. "पानं सुईनं कशी ओवायची ते तिनंच शिकवलं. आम्ही चुकलो की हातावर चापट मारायची. मग एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली होती. आम्ही घाबरलो. तेवढ्यात शेजारची एक बाई आली, धिप्पाड, तिनं आम्हाला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. विहिरीवरून पाणी आणायला लावलं, चूल पेटवायला लावली. आणि मग काय मागितलं माहितीये? आमची वाइन! सोसायटीतून मोठा कुंभभर लाल वाइन मिळाली होती आम्हाला. ती अख्खी घेऊन बाई आत गेली आणि दार लावलं. आम्ही बाहेर कुजबुजलो, काय बाई आहे, मयताच्या उशाशी बसून ढोसतेय. संध्याकाळी कुंभ रिकामा."

तो हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या होत्या. तिथे दोब्रिना बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. ती बोलायला आली नव्हती. अशा ठिकाणी केक मिळतो म्हणून आली होती, असं मला आधी वाटलं होतं.

"दोब्रिना," मी म्हणाले, "तू तर वाइनला शिवतही नाहीस. पोट बिघडतं तुझं. कशाला लागली?"

ती पिशवीचे बंद चाचपत राहिली.

"बोल की बाई. पस्तीस वर्षं कोंबड्यांवर काढलीस."

"आंघोळीला," दोब्रिना म्हणाली.

इस्क्राला प्रत्येक वाक्यावर 'छान, छान' म्हणायची सवय आहे, पण आता तिनं नुसता कॅमेरा मागच्या बाकाकडे वळवला.

"तुमच्यात कसं करतात ते मला कुठून माहीत असणार?" दोब्रिना एकदम भांडल्यासारखी बोलायला लागली. "विचारायला होतं कोण? सगळ्या गेलात! साब्रिये एकदा बोलता बोलता म्हणाली होती की उजव्या अंगानं सुरू करतात, तेवढं ध्यानात होतं. उजव्या अंगानं केलं. साबण लावला. हात घासले, पण तो चीक काही निघेना, मग राखेनं घासले. केस विंचरले. आमच्यात पाण्यानं धुऊन झालं की वाइननं पुसतात. माझ्या आईला तसं केलं, सासूला तसं केलं. म्हटलं, हिला नुसत्या पाण्यावर कशी सोडू? परकी होती का ती? माझी वाइन त्या साली आंबून गेलेली, म्हणून पोरांची घेतली. डोक्यापासून पायापर्यंत पुसली. मग पांढरी चादर, नवी, माझ्या रुखवतातली. खड्डा या पोरांनीच खणला. बाकीच्या कबरींची तोंडं ज्या अंगाला आहेत, त्याच अंगाला तिचं तोंड ठेवलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते! तू येणार म्हणून हिवाळाभर घोकत होते. पण तुमचा इमाम तुझ्याआधी परतला. त्याला विचारलं, माझं नाही, कुणाचं तरी म्हणून. तो म्हणाला, दारूचा थेंब कपड्याला लागला तरी नमाजाआधी कपडा धुवावा लागतो. आणि मयताला? तौबा, तौबा. दोनदा म्हणाला." तिनं पिशवी घट्ट धरली. "मग तू दारात आलीस. काय सांगू तुला? तुझी आई मी बाटवली म्हणून?"

"म्हणजे साब्रिये झिंगतच गेली वर!" क्रुम यंत्र कानात दाबत मोठ्यानं म्हणाला. त्याला वाटतं, असं बोललं की हवा हलकी होते.

मला राग यायला हवा होता. मी वाटही पाहिली. क्रुमचा आला नाही, दोब्रिनाचा आला नाही, ज्यांच्यामुळे हे सगळं झालं त्यांचाही आला नाही. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे आई यायची ती मळक्या कपड्यांत, काळ्या हातांची. त्या दुपारी ती पहिल्यांदा मला विंचरलेल्या केसांची दिसली. हात राखेनं घासून पांढरे झालेले. बस, एवढंच झालं. आत कुठेतरी एक जड वस्तू इकडची तिकडे सरकली, पण ती काय होती ते मला सांगता येणार नाही.

"पाणी तापवलं होतंस?" मी विचारलं.

"मग काय गार घालू?" दोब्रिना म्हणाली. "वाइनसुद्धा कोमट केली."

इस्क्रानं घसा साफ केला. "नाझमियेआजी, आता तुमचं एकोणनव्वद. तयार असाल तर या खुर्चीत..."

"माझं झालं सांगून," मी म्हणाले.

"पण तुम्ही तर काहीच..."

"झालं म्हटलं ना, बाळ."

मी उठून मागच्या बाकावर गेले आणि दोब्रिनाला जरा सरकायला लावलं. तिच्या अंगाला धुराचा वास येत होता, चुलीपुढून तशीच उठून आली होती. आमच्यात आता मयताला आंघोळ घालणाऱ्या बायका आहेत, शिकून आलेल्या, हातमोजे घालतात, सगळं नियमात करतात. ते तिलाही माहीत आहे.

"मी मेले की मला तू घाल आंघोळ," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तिचे डोळे पांढुरके झाले होते. "मी तुझ्याआधी जाईन."

"मग थांब थोडी."

"आणि वाइन?"

"ती तू पी."

"इमामाला काय सांगू?"

"सांग, साब्रियेच्या मुलीनं सांगून ठेवलंय."