मीठ मदिनाबीचं

या, जरा पुढं सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. सप्त्यात बुवांच्या मागं टाळ धरून उभं राहण्यात माझी तीस वर्षं गेली. तिथल्या कथा ऐकून किती वेळा उपरण्यानं डोळे पुसले त्याला गणती नाही. पण आज सांगतो ती कथा कुठल्या बुवांनी सांगितलेली नाही. ती आमच्या शाळेच्या स्वयंपाकखोलीत घडली आणि थोडी सांगलीत. तिच्यात माझी एक सही आहे, म्हणून ती मलाच सांगितली पाहिजे.

आमचं गाव कवठे महांकाळपासून आत, फाट्यावर उतरून दोन मैल. चौथीपर्यंतची शाळा. पोरांचं दुपारचं जेवण रांधायला तिथं दोघी होत्या, मनुबाई आणि मदिनाबी. एकोणीस वर्षं दोघींनी एकाच चुलीपुढं काढली. पुढं गॅस आला, पण बसायची जागा दोघींची तीच राहिली. मनुबाईचा नवरा लवकर गेला, मुलगा ऋषिराज फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर येतो, आठ दिवस घर भरतं आणि मग परत रिकामं. मदिनाबीचं घर शाळेच्या मागंच. तिचाही एकच मुलगा, सिकंदर. तो कुपवाडला लेथवर कामाला लागला आणि तिकडंच राहिला.

दोघी कामाला लागल्या त्या वर्षीच्या सप्त्यात एक बुवा सांगून गेले, लेकराच्या तोंडात पडतं ते थेट देवाच्या मुखात पडतं. झालं! मनुबाई पहिल्या रांगेत बसलेली. तिनं ते असं मनावर घेतलं की पोरं जेवून उठल्याशिवाय शाळेच्या अन्नाचा कण तिनं कधी जिभेवर ठेवला नाही. देवाचा नैवेद्य आधी आपण चाखून बघतो का?

"आगं, मग मीठ कमी-जास्त झालं तर?" मदिनाबीनं विचारलं.

"देव बघंल की."

"देवाला लय कामं हायती. मीठ मी बघती."

असं ठरलं, आणि एकोणीस वर्षं मोडलं नाही. निवडणं, चिरणं, फोडणी, आच सगळं मनुबाईचं. मिठाचा पिवळा डबा मात्र मदिनाबीचा. मनुबाईनं त्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. पातेल्याला उकळी फुटली की ती हाक मारायची, "मदिना, मीठ बघ गं!" मग मदिनाबी नळावर ताटं घाशीत असो की बाहेर पोरांची भांडणं सोडवीत असो, पदराला हात पुशीत यायची, मूठ भरायची, टाकायची, चाखायची आणि म्हणायची, "हं. वाढ तुझ्या देवास्नी."

रोज्यांच्या महिन्यात ती चाखायची नाही. तेव्हा नुसती कढाकडं बघत उभी राहायची आणि अंदाजानं टाकायची. मनुबाई चिडवायची, "माझा नेम, तुझा रोजा. आज खिचडीचा वाली कोण गं?" पण त्या महिन्यात तर मीठ एकदाही चुकलं नाही. मी शाळेच्या समितीवर आहे, कितीदा तिथं जेवलोय, शपथेवर सांगतो.

गेल्या माघात मदिनाबी गेली. दोन दिवस अंग तापलं आणि तिसऱ्या दिवशी कारभार आटोपला. आम्ही सगळे मातीला गेलो. मनुबाई बायकांच्यात, कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर उभी होती. दुसऱ्या दिवशी शाळा भरली. पोरांना भूक लागायची ती लागतेच. मनुबाईनं खिचडी चढवली, उकळी फुटली आणि तोंडातून गेलं, "मदिना, मीठ बघ गं!"

नळ चालू नव्हता. बाहेर कुणी नव्हतं.

हेडबाई अंकिता मॅडम वर्गात होत्या. त्यांनी हाक ऐकली, फळा तसाच सोडून आल्या, पिवळ्या डब्यातलं मीठ टाकलं, चमच्यानं चाखलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मनुबाई, वाढा आता." त्या दिवसापासून मीठ मॅडमच टाकायच्या आणि चाखायच्या. दुसरी बाई काही भरली नाही. शाळेचा पट चोवीसवर आलेला, आणि तेवढ्या पोरांना नियमानं एकच बाई बसते. दोघींची बोलणी, हसणी, कुचकट टोमणे सगळं त्या खोलीतून गेलं. मी कधी दुपारी डोकावलो तर मनुबाई एकटी लसूण सोलत बसलेली. समोरचा पाट तिनं उचललेला नव्हता.

पावसाळ्याच्या आधी पत्र आलं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा गौरव सांगलीत एक संस्था करणार होती. जिल्ह्यातून पाच जणी निवडायच्या, त्यांनी परीक्षकांसमोर एक पदार्थ करून दाखवायचा, पहिली येईल तिला अन्नसेवा पुरस्कार. मॅडमनी मनुबाईचा अर्ज भरायला घेतला.

"दोगींची नावं घाला," मनुबाई म्हणाली.

मॅडम अवघडल्या. "मनुबाई, इथं 'सध्या कार्यरत' असं लिहिलंय. एकच ओळ आहे हो."

"मग तिची एकोणीस वर्सं कुठं लिवायची?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी समितीचा अध्यक्ष. मी म्हणालो, "नियम हाय, मनुबाई. नाव तुमचं गेलं तरी मान शाळेचाच." आणि सही ठोकली. बोलायला किती सोपं असतं बघा.

ती लसूण सोलायला परत आत गेली. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मात्र माझ्या दारात आली. "आवं नानासो, पयल्या नंबराला माईक देत्यात का वं हातात?"

"देतात की. दोन शब्द बोला म्हणतात."

"मला दोनच पायजेत. मदिनाबी मुल्ला." तिनं पदर सारखा केला. "सिकंदरला फोन केलाय. म्हटलं, तुझ्या आईचं नाव सांगलीत घ्याचं हाय, ऐकाय ये. तवा पयला नंबर काडाय लागतोय."

आता कळलं ना, बाईला बक्षीस कशासाठी पाहिजे होतं?

पत्रात सोबत एक माणूस आणायची मुभा होती. ऋषिराज सरहद्दीवर, दुसरं कोण येणार? मीच निघालो. मिरज ओलांडून सांगलीला पोचेपर्यंत ती खिडकीशी बसून होती. मांडीवर पिशवी, पिशवीत जोंधळ्याच्या कण्या. कण्यांची खिचडी ती अशी करायची की पोरं ताट बोटानं पुसून खायची. मी मनात विठ्ठलाला म्हटलं, एवढं एक पदरात घाल बाबा.

हॉलच्या मागं पटांगणात मांडव होता. पाच टेबलं, पाच शेगड्या आणि पुढं दोरी बांधलेली. सोबतच्या माणसांनी दोरीबाहेर थांबायचं. वेळ एक तास. घंटा झाली. तेल, मीठ, मसाला सगळं संस्थेनं टेबलावर मांडलेलं होतं.

मनुबाईचा हात काय चालला म्हणून सांगू! बाकीच्या कांदा चिरत होत्या तोवर हिची फोडणी तडतडली. जिरं, लसूण, शेंगदाणे, मग डाळ, मग कण्या. वास असा सुटला की गणवेशातला एक शिपाई उगीच दोनदा तिथून फिरून गेला. परीक्षकांतल्या चष्मेवाल्या बाई थांबून बघू लागल्या. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. मधूनच गेटकडं बघत होतो, कारण सिकंदर अजून आला नव्हता.

पातेल्याला उकळी फुटली. मनुबाईनं मान वर केली आणि भर मांडवात, खणखणीत आवाजात हाक गेली,

"मदिना, मीठ बघ गं!"

चारी टेबलांवरचे हात थांबले. कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "मावशी, कुणाला हाका मारताय? इथं कुणाची मदत घ्यायची न्हाई, बाद करत्यात."

मनुबाई तशीच उभी होती, उजव्या बाजूला बघत. तिकडं नळ होता. शाळेत नळ त्याच बाजूला आहे.

मग तिनं मिठाची पुडी हातात घेतली. मूठ भरली आणि मुठीकडं बघत राहिली. एवढं, की याच्या निम्मं? तो हात चोवीस पोरांचं तिखट, डाळ, पाणी न मोजता घालायचा. मीठच तेवढं त्याला शिकवलेलं नव्हतं. घरी स्वतःपुरतं ती भाकरीबरोबर कोरड्यासच काय ते करी, आणि त्यातही मीठ वरून घेई. मी दोरीपाशी वाकून खुणा करायला लागलो, चाखा, चाखा! शिपाई म्हणाला, "आजोबा, मागं व्हा."

"चाखा की मावशी," शेजारची पण कुजबुजली. "कोन बघत न्हाई."

चमचा समोर होता. एक थेंब जिभेवर ठेवला असता की काम फत्ते. पहिला नंबर, माईक आणि माईकवर तिचे ते दोन शब्द. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं चमचा उचलला, पातेल्यात बुडवला, वाफ जाईपर्यंत धरला आणि ओठापर्यंत नेऊन खाली ठेवला. मूठभर मीठ परत पुडीत सोडलं. आच बंद केली, झाकण घातलं आणि हात जोडून उभी राहिली. घंटा झाली.

चष्मेवाल्या बाईंनी घास घेतला. थांबल्या. "बाई, वास असा, रंग असा आणि मीठच नाही? विसरलात का?"

"न्हाई विसरले."

"मग?"

"मिठाचं काम माजं न्हवतं. मदिनाबीचं. ती न्हाई आता." मग म्हणाली, "देवाच्या घासाला मी आदी तोंड लावत न्हाई. आज लावलं आस्तं तर नाव तिचं घेतलं आस्तं, पर तिच्याच जागेवर बसून घेतलं आस्तं."

बाईंनी चमचा खाली ठेवला. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या. त्यांना दोष देऊ नका. बिनमिठाच्या खिचडीला त्यांनी काय गुण द्यावेत?

पुरस्कार जतकडच्या एका बाईला मिळाला. ती माईकवर रडली, टाळ्या झाल्या. मनुबाईला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, तेही सगळ्यांबरोबर एका रांगेत उभं करून. त्यावर एक नाव. माईक तिच्यापासून दहा पावलांवर होता.

हॉल रिकामा होत आला तेव्हा सिकंदर आला. हातात हेल्मेट, कपड्यांना ऑइलचा वास. "मावशी, सुट्टी मिळंना. लेट झालं." त्यानं व्यासपीठाकडं बघितलं. खुर्च्या गोळा करत होते. "आईचं नाव घेतलं काय?"

मी दुसरीकडं बघायला लागलो.

"घेतलं की," मनुबाई म्हणाली. "मोट्यांदा घेतलं. समद्या मांडवानं ऐकलं. हे नानासो व्हते, इचार त्यास्नी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "व्हय रं. मी ऐकलं."

त्यात खोटं काय होतं?

पायरीवर बसून तिनं त्याला मांडवातली उरलेली, डब्यात भरून घेतलेली खिचडी दिली. पहिल्या घासाला तो थांबला, तिच्याकडं बघितलं आणि काही न विचारता सगळी खाल्ली. डबा पुसून परत दिला. मग गाडीला किक मारून कुपवाडच्या रस्त्याला लागला. मनुबाई गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. परतीच्या गाडीत तिनं मला एवढंच विचारलं, "नानासो, आज शाळंत पोरास्नी कुणी वाढलं आसंल वं?"

प्रमाणपत्र तिनं घरी नेलं नाही. शाळेच्या स्वयंपाकखोलीत पिवळ्या डब्यामागं उभं करून ठेवलंय, फोडणीनं पिवळं पडत चाललंय. रोज उकळी फुटली की ती हाक मारते, "मदिना, मीठ बघ गं," आणि जरा थांबते. मग मॅडम येतात, मीठ टाकतात, चाखतात. थांबायचं मात्र तिनं सोडलं नाही.

परवा शाळेच्या अंगणात पहिलीतल्या दोन पोरी मातीची खिचडी करत होत्या. एकीनं करवंटी ढवळली आणि ओरडली, "मदिना, मीठ बघ गं!" दुसरी पदर नसलेल्या अंगाला हात पुशीत आली आणि मूठभर धूळ टाकून म्हणाली, "हं. वाढ." मदिनाबीला त्यांनी नीट पाहिलेलंही नसेल. मी दारात उभा होतो. आत बघितलं तर मनुबाई लसूण सोलायची थांबली होती.

ती सही मी पुसू शकत नाही. म्हणून माझं एवढं ऐका. उद्या तुमच्या घरी पातेल्यात मीठ पडेल, तेव्हा चमचा ओठाला लावायच्या आधी क्षणभर थांबा, आणि त्या बाईची आठवण काढा. मदिनाबी मुल्ला. शाळेची मदतनीस, एकोणीस वर्षं.