गाण्यांची जागा

कायमचं टिकणारं जगात काही असेल तर ते फ्रेडरिक सरांच्या मशीनमध्येच, असं क्लेमेंटीनच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कागदाला वाळवी लागते, माणसाला म्हातारपण लागतं, मशीनला काय लागतं? गारवा! तो तर तिथे होताच. मोठी शहाणी पोर. कुणी सांगायला गेलं असतं तर त्यालाच चार गोष्टी ऐकवल्या असत्या तिने.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. गिरीजला केळीच्या वाडीला लागून फ्रेडरिक सरांचं घर. पुढच्या ओटीला काचा बसवून सरांनी आत युनिक्सचा कॉम्प्युटर ठेवला होता आणि मुंबईच्या एका औषधवाल्या कंपनीची बिलं क्लेमेंटीन तिथे बनवायची. मशीनसाठी एसी लावलेला, आणि गावात एसी तेवढाच. त्यामुळे भाजीच्या टोपल्या रवाना झाल्या की क्लेमेंटीनची मॅग्डलीन मावशी हातात केळ्यांची फणी घेऊन हजर. "मशीन बघायला आले," म्हणायची आणि दुपारभर तिथेच पदर पसरून बसायची. केळी सरांना पोचत होती, सर काय बोलणार?

क्लेमेंटीनची आई रोझलीन बाळंतपणात गेली. तेव्हापासून मावशीने तिला आपल्या विनीच्या पाठीला पाठ लावून वाढवलं. वेणी एक घालायची तर दोघींची, फटका एक द्यायचा तर तोही दोघींना. मोठी झाल्यावर क्लेमेंटीन बापाच्या घरी राहायला गेली, एवढंच. आणि ह्या मावशीचा गळा! आसपास कुठेही लग्न असो, आदल्या संध्याकाळी विहिरीवरून पाणी आणायचं म्हटलं की मावशीशिवाय कुणाचं पान हलत नसे. विहिरीवरचं गाणं तिचंच. 'विहीरबाय, पाणी दे, लेक माझी नाहू दे' असं सुरू व्हायचं, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या बायकांना एकेक करून नावाने बोलवायचं. आई, आजी, पणजी, तिची सासू, तिची आई. प्रत्येक नावामागून सगळ्यांनी म्हणायचं, 'ये गो, ये, पाण्याला ये.' नावं घरातली, लाडाची. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्म्याची नावं मिळतील, पण चुलीपाशी जिला जे म्हणत ते तिथे कुठून मिळणार? ती रांग अख्खीच्या अख्खी एकट्या मावशीला येत होती.

त्या मावशीच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. तिसऱ्या दिवशी मावशी ओटीवर येऊन क्लेमेंटीनला म्हणाली, "लिहून घे गो सगळं. विनीचं लग्न ठरलंय. विहिरीवर माझ्या जागी तुला गायला लागेल."

"टेप करू या ना, मावशी. शेजारच्या बेसिलकडे टेपरेकॉर्डर आहे."

"नको. हा फाटका आवाज मागे ठेवून काय करू? शब्द राहू देत."

मग काय, बिलांचं काम उरकलं की मावशी सांगायची आणि क्लेमेंटीन टाइप करायची. रोमन अक्षरांत, पण झरझर. मशीनमध्ये 'गाणी' नावाची वेगळी जागाच केली तिने. मावशी गात असताना ती पडद्याकडे बघायची, मावशीकडे नाही. शब्द कानातून बोटांत जात होते, मधे कुठे थांबतच नव्हते. कशाला थांबतील? पाठ करायची गरजच काय, मशीन आहे ना!

मशीनचे लाड तर विचारूच नका. सरांकडून शिकून तिने स्वतःचे दोन हुकूम तयार केले होते. चार-सहा कामं एका नावात बांधायची, त्याला फंक्शन म्हणतात. तिच्या एका फंक्शनचं नाव 'जोड': एका जागेतल्या सगळ्या फायली ओळीने जोडून तिथेच एक पुस्तक करायचं. दुसऱ्याचं नाव 'साफ': त्या जागेतलं सगळं पुसून टाकायचं. कुठली जागा, हे मशीनने 'जागा' नावाच्या एका खुणेवरून ओळखायचं. एरवी त्या खुणेवर 'कचरा' लिहिलेलं असे, कारण दिवसभराची अर्धीमुर्धी बिलं तिथे पडायची. रोज संध्याकाळी 'साफ' म्हणायचं, दिवा घालवायचा आणि घरी जायचं. हात इतका बसलेला की डोळे मिटूनही झालं असतं.

ऑपरेशन सोमवारी होतं. शुक्रवारी शेवटचं, विहिरीवरचं गाणं पुरं झालं. मावशी दमून घरी गेली. सर सोमवारपर्यंत मुंबईला. प्रिंटरची रिबन संपलेली, तीही सरच आणणार होते. म्हटलं, निदान पुस्तक तरी जोडून ठेवू या. क्लेमेंटीनने एकाच ओळीत टाइप केलं: जागा=गाणी, आणि पुढे 'जोड'. अशी खूण हुकमाच्या पुढे ठेवली की ती तेवढ्या हुकमापुरतीच, मागाहून सगळं पहिल्यासारखं. इतर हुकमांबरोबर तिने शंभरदा केलं होतं. पुस्तक झालं. पोरगी खूश. खुर्ची मागे सारली, पर्स काखेत घेतली आणि उभ्याउभ्याच टाइप केलं: साफ.

मग जाता जाता वाटलं, पुस्तक केवढं झालं ते बघावं. बघते तर 'गाणी' रिकामी. तिने मशीनला खूण विचारली. मशीनने मुकाट्याने उत्तर दिलं: गाणी. बाई गं! आठवड्याला मशीनची नक्कल टेपवर उतरवून ठेवायचे, पण ती फक्त बिलांची. घरची गाणी त्यात घालायला सरांना विचारायचं तिला लाजिरवाणं वाटलं होतं.

आता ऐका, खरी गोष्ट इथून पुढे आहे. मशीनने घात केला असं ती पुढे जन्मभर म्हणू शकली असती, पण शुक्रवार होता हो! मावशीचं घर वाडीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. गळा फाटका का होईना, होता. धावत जायचं, पाया पडायचं, म्हणायचं, "मावशी, माझ्याकडून गेलं, परत सांग." मावशीने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि सांगायला बसली असती. पण क्लेमेंटीनला तोंड दाखवायची लाज वाटली. सर येतील, सर काहीतरी करतील, मावशीला कळणारसुद्धा नाही, असं मनाला समजावत तिने शनिवार काढला.

रविवारी मिसा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर मावशीनेच तिचा हात धरला. "सगळं नीट आहे ना गो आत? नाहीतर बघ, आजचा दिवस आहे. परत लिही. मी बसते."

"आहे, मावशी," क्लेमेंटीन म्हणाली. "सगळं आहे."

मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला. त्या हाताखाली आपण कशा उभ्या राहिलो, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

सोमवारी दुपारी सर आले. त्यांनी दोनदा सगळं तपासलं आणि चष्मा काढला. "हुकूम स्वतंत्र प्रोग्राम असता तर खूण त्याच्यापुरतीच राहिली असती. फंक्शन वेगळं नसतं गं, तू ज्याच्याशी बोलतेस त्या शेलच्या पोटातच चालतं. त्याच्यापुढे ठेवलेली खूण मागे तशीच राहते. आणि युनिक्समध्ये पुसलेलं परत येत नाही." क्लेमेंटीनने घड्याळाकडे पाहिलं. मुंबईत मावशीचं ऑपरेशन केव्हाच झालं होतं.

मावशी परतली ती गळ्याला पांढरा रुमाल बांधून. आवाज नाही, अक्षरओळख तर कधीच नव्हती. क्लेमेंटीनकडे बघून ती हसायची आणि बोटं हवेत नाचवून टाइप केल्यासारखं करायची. कौतुक होतं ते! क्लेमेंटीनने रोज ठरवायचं, आज सांगू, आणि रोज मावशीला तांदळाची पेज भरवून गप्प घरी यायचं. असे दिवस जात गेले आणि विनीच्या लग्नाची आदली संध्याकाळ आलीसुद्धा.

मांडवातून सगळ्या बायका विहिरीवर गेल्या. विनीने कळशी काठावर ठेवली. मावशी रिकामी घागर मांडीवर घेऊन बसली, तिच्यावर थाप दिली आणि मानेने खूण केली: हं, म्हण. क्लेमेंटीनने सुरू केलं. "विहीरबाय, पाणी दे, लेक माझी नाहू दे." तिने आपल्या आईला बोलावलं, "रोजू." बायका म्हणाल्या, "ये गो, ये, पाण्याला ये." मग आजीला, "कातू." बायका म्हणाल्या, "ये गो, ये, पाण्याला ये."

आणि पुढचं नाव तिला येत नव्हतं.

घागरीवरची थाप थांबली नाही. मावशीला वाटलं, पोरीला रडू आलं. एक थाप पडली, पुढच्या नावाची. दुसरी थाप पडली. मावशीने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतलं कौतुक हळूहळू विझलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण विनीचं लग्न होतं, ताल मोडून चालणार नव्हतं. तिने थाप चालू ठेवली आणि स्वतःच नावं घ्यायला लागली. ओठ हलत होते, पुटपुटल्यासारखे, आणि त्यांतून काहीच बाहेर येत नव्हतं. क्लेमेंटीन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, ओठांवरून एक तरी नाव उचलता येतं का बघायला लागली. एकही उचलता आलं नाही.

मग प्रत्येक थापेनंतर तिला येत होतं तेवढंच ती म्हणत राहिली, "ये गो, ये, पाण्याला ये." मागच्या बायकाही म्हणत राहिल्या. अंधार पडला, कळशी भरली. त्या संध्याकाळी विहिरीवर कोण आल्या आणि कोण वाटेतच राहिल्या, हे मावशीला ठाऊक. क्लेमेंटीनला कधीच कळलं नाही.