दोऱ्याचं दुसरं टोक

"मोजा काढा," मी म्हटलं.

"अगं, जेवण तर होऊ दे."

"आधी मोजा. कसला तरी वास येतोय."

"चामड्याचा असेल. इतक्या वर्षांत सवय नाही झाली होय तुला?"

चामड्याच्या वासाची मला सवय आहे. लग्न झाल्यापासून ह्यांच्या हातांना, शर्टांना, उशीला तोच वास येतो आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. हा वास निराळा होता, गोडसर आणि कुजका. मी खाली बसून स्वतःच मोजा ओढला, तर तो अंगठ्याला चिकटलेला. पाणी लावून लावून सोडवला आणि माझ्या काळजात धस्स झालं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली मसुराच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं आणि अंगठा टम्म सुजून लालबुंद झाला होता. मी बूट उलटा करून झटकला. आतून एक बारीक खिळा टिणकन फरशीवर पडला.

"हा कधीपासून आत आहे?"

हे खिळ्याकडे बघतच राहिले. "मला काही कळलंच नाही गं."

कळणार कसं? रक्तातल्या साखरेनं ह्यांची पावलं केव्हाच बधिर केली होती. गरम पाण्यात पाय घातला तरी 'कोमट आहे' म्हणायचे. मी ओरडायचे, हे हसायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

आमचं बूट-चपला शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी, ह्यांचं बुटकं स्टूल आणि गिऱ्हाइकासाठी दुसरं जरा उंच स्टूल. काम करताना हे खिळे ओठांत धरतात. एकेक काढायचा, ठोकायचा. आणि उजवा बूट काढून शेजारी ठेवतात, कारण दोरा वळायला ह्यांना पायाचा अंगठा लागतो. दोऱ्याचे पदर अंगठ्यात अडकवायचे, हातानं पीळ द्यायचा, वरून मेण ओढायचं. विकतचा दोरा ह्यांनी जन्मात वापरला नाही. तर असा तो बूट रोज शेजारी आ वासून पडलेला, आणि आमच्या भागातला पोस्टमन रोज डोकावून एक विनोद सांगणारा. पोस्टमन बोलला की हे हसणार, आणि हे हसले की तोंडातले खिळे सांडणार. बाकीचे वेचले असतील, एक बुटात गेला. गिऱ्हाइकाला बूट देण्याआधी हे प्रत्येक बुटात हात घालून आतून चाचपतात, काही टोचायला नको म्हणून. स्वतःच्या बुटात कोण हात घालतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी एक बोथट, बारीक सळई हलकेच त्या भोकात घातली. मी तोंड फिरवलं. हे मात्र दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसे टक लावून बघत होते.

"काका, दुखतंय?"

"छे!"

"हीच तर पंचाईत आहे." त्यांनी सळई बाहेर काढली. "आत कडक लागलं. हाडापर्यंत रस्ता झालाय, म्हणजे जंतू हाडात गेले असणार. एक्स-रे काढू, पण त्यात इतक्या लवकर दिसेलच असं नाही. एमआरआयचा मोठा फोटोही काढू. आणि हाडाचा एक कण तपासायला पाठवू, म्हणजे कुठला जंतू आहे ते कळेल. उगाच अंधारात बाण नको."

"मग गोळ्या घेतल्या की बरं होईल ना?" मी विचारलं.

"होऊ शकतं काकू. पण मांसाचं दुखणं वेगळं, हाडाचं वेगळं. आजारी हाडात रक्त नीट पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार? म्हणून दीड महिना औषध. आधी शिरेतून, मग गोळ्या. त्या पायावर भार टाकायचा नाही. आणि एक ध्यानात ठेवा. जखम वरून भरली म्हणजे आतून बरं झालं असं नव्हे. औषध कधी थांबवायचं ते मी सांगेन."

"ओल्या चामड्यावर पॉलिश मारलं तर वरून चकाकतं, आतून कुजतच राहतं. तसंच ना?" हे म्हणाले.

"अगदी तसंच, काका."

एवढं कळत होतं ह्यांना.

सुरुवातीला दंडात बारीक नळी बसवून औषध चाललं. हे खिडकीशी पाय वर घेऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांवर शेरे मारायचे. "तो बघ, टाच घासत चालतो. ह्याचा बूट पावसाळा बघणार नाही." मी ड्रेसिंग करायला शिकले. चार दिवसांत सराव झाला. रोज संध्याकाळी ह्यांचं पाऊल माझ्या मांडीवर असायचं, आणि आयुष्यभर दुकानामुळे राहून गेलेल्या गप्पा त्या वेळात व्हायच्या. वाईट दिवस होते, तरी त्या गप्पांची मला गोडी लागली, हेही कबूल करते. हळूहळू भोक बुजलं, वर गुलाबी कातडी आली. नळी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. मी मुलीला फोन करून आनंदानं सांगितलं, तुझ्या बाबांचा अंगठा वाचला.

मग एक दिवस दुकानातच ह्यांना थंडी वाजून ताप भरला. मोजा काढला तर अंगठा पुन्हा लाल, आणि लाली पावलावर चढायला लागलेली. मी रिक्षा बोलवायला धावले, दुकान बंद करायला किल्ल्या हव्यात म्हणून ह्यांच्या कामाच्या पेटीत हात घातला, तर काळ्या पॉलिशची डबी खुळखुळली. पॉलिश कधी खुळखुळतं का? उघडली. आत गोळ्या. कितीतरी साठलेल्या.

"अहो, हे काय?"

ह्यांनी मान खाली घातली. "जखम भरली होती गं. त्या गोळीनं पोटात ढवळायचं, जेवण जायचं नाही. अशक्तपणानं टाका वाकडा पडायचा. म्हटलं, आता झालंय की बरं."

मी तेव्हा जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. रिक्षात आम्ही दोघं दोन कडांना बसलो होतो. अर्ध्या वाटेत ह्यांनी माझा हात धरला तेव्हा मी तो झिडकारला नाही, कारण तापानं तो हात भाजत होता आणि मी पुरती घाबरले होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फोटो उजेडात धरला. अंगठ्याच्या हाडाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती.

"काका, आता अंगठा काढावा लागेल. आत्ता काढला तर पाऊल वाचेल. थांबलो तर पुढचं मी सांगू शकत नाही."

"नाही," हे म्हणाले.

"काका..."

"पोरी, तो माझा तिसरा हात आहे. दोरा कशात अडकवू? दोरा नाही तर टाका नाही, आणि टाका नाही तर मी कोण? बुटांना डिंक लावत बसू?"

"मग हेही आत्ताच सांगते. दुसऱ्या अंगठ्यालाही दोरा लावायचा नाही. तोही पाय बधिर आहे. दोऱ्यानं कापलं तरी कळणार नाही तुम्हाला."

त्या बाहेर गेल्या. हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मी पायथ्याशी बसले होते. समजूत घालणं मला कधी जमलं नाही, भांडण मात्र जमतं.

"अहो, बुटाचं टोक कुजलं तर तुम्ही काय करता?"

ह्यांनी चादर खांद्यावर ओढून घेतली.

"मी विचारतेय."

"कापतो," भिंतीकडे बघत म्हणाले.

"आणि बूट?"

"वाचतो."

"मग?"

"बुटाला काही वाटत नाही."

"तुमच्या अंगठ्याला तरी कुठं काय वाटतं?"

तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली.  तेवढ्यात ह्यांचे खांदे गदगदायला लागले. मला वाटलं रडतायत, वाकून बघते तर हसत होते. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाले, "बोलाव त्या पोरीला. सांग, कुठं सही करायची ते."

अंगठा गेला. उरलेल्या हाडाची कड तपासायला पाठवली होती, ती स्वच्छ निघाली. तरी गोळ्या होत्याच. ह्या वेळी प्रत्येक गोळी माझ्यासमोर. "आ करा. जीभ वर करा." म्हातारपणी हे लाडही करून घेतले ह्यांनी. उजव्या बुटाच्या पुढे मऊ गादी ह्यांनी स्वतःच शिवून बसवली, नुसतं बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि रोज सकाळी हे बूट घालायच्या आधी मी दोन्ही बुटांत हात घालून टोकापर्यंत चाचपते. खडा नाही, खिळा नाही, मोज्याची घडी नाही. मग म्हणते, "घाला."

पण दुकान पूर्वीचं राहिलं नाही. ह्यांनी दोऱ्यासाठी भिंतीत आकडा ठोकला. दोरा तुटायचा. पुन्हा वळायचे, पुन्हा तुटायचा. "आकड्याला काय कळतंय?" म्हणायचे. "अंगठा ओढ लागली की जरा पुढं यायचा. आकडा तसाच ताठ." मुलीनं विकतच्या दोऱ्याचं रीळ पाठवलं. ह्यांनी ते बोटांत फिरवून बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि फळीवर ठेवून दिलं. टाच बसवायची, पॉलिश करायचं, डिंकानं चिकटवायचं, एवढंच काम उरलं. ओठांत खिळे असायचे, पण ते आता सांडत नव्हते.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर पोस्टमन दारात उभा. हातात त्याचे जाडजूड बूट, तळ लोंबायला आलेले.

"शिवणीचं काम आहे," हे त्याला म्हणत होते. "तू मशीनवाल्याकडे ने. मी आता शिवत नाही."

पोस्टमन एरवी बडबड्या माणूस, त्याला एक विनोद सुचेना. त्यानं बूट हळूच उंबऱ्याच्या आत ठेवले. "राहू देत इथंच. मला घाई नाही," म्हणाला आणि पायातल्या रबरी चपला फटक फटक वाजवत निघून गेला.

हे त्या बुटांकडे बघत बसले. मला ते बघवेना. मी डबा खाली ठेवला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, चप्पल काढली आणि उजवा पाय ह्यांच्यासमोर पुढे केला.

"हे काय?"

"दोरा घ्या."

"अगं, काहीतरीच काय! लोक बघतील."

"बघू देत. त्यांचे पाय ते सांभाळतील."

ह्यांनी माझ्या पावलाकडे कितीतरी वेळ बघितलं. टाचेला भेगा, नखं वेडीवाकडी, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग हात फडक्याला पुसले, दोऱ्याचे पदर मोजून घेतले आणि माझ्या अंगठ्यात अडकवले. पीळ द्यायला लागले. दोरा माझ्या पायापासून ह्यांच्या हातापर्यंत ताणला गेला, त्यावरून मेण फिरायला लागलं, आणि कामाचा तो जुना आवाज खोलीत आला. ओढ लागली की माझा अंगठा आपोआप जरा पुढे जायचा. हे मात्र दोऱ्याकडे बघतच नव्हते, सारखं माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दुखतंय का?"

नाही म्हणणार होते. मग म्हटलं, ह्या घरात आता हे खोटं नको.

"दुखतंय," मी म्हटलं. "थोडं."

ह्यांनी लगेच दोरा सैल सोडला. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं.

"बरं झालं," म्हणाले. "दुखलं की लगेच सांगत जा हं."

"सांगेन. ओढा आता, पोस्टमन रबरी चपलांत हिंडतोय."

ह्यांनी दोरा ओढला, पहिल्यापेक्षा जरा बेतानं.