काळोखाची तिथी

हिरू तांडेलने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, गुंडाळून सुतळीने बांधलं आणि पिशवीत उभं घातलं. डहाणूच्या ऑफिसात कॅलेंडर असणारच, पण त्यावर तिथ्या असतील याची त्याला खात्री नव्हती.

दाराला कडी घालताना सवयीने तो आत बघून म्हणाला, "येतो गो." त्याच्या बायकोला, लाडकीला, जाऊन हा दुसरा उन्हाळा होता.

झाईच्या एसटी थांब्यावर रखमी मासळीची टोपली घेऊन बसली होती. तिने त्याचा इस्त्रीचा शर्ट पाहिला.

"काय तांडेल, निघालास नॉर्वेला?"

"आज डहाणू. नॉर्वे नंतर."

"तिथे बोंबील मिळतात काय, बघून ये. नसतील तर मी येते टोपली घेऊन."

"तुझे बोंबील तिथे पोचेपर्यंत बर्फातच सुकतील."

रखमी हसली. होळीपासून सगळी झाई त्याच्याशी हे एवढंच बोलत होती, आणि ते त्याला आवडत होतं. लाडकी गेल्यावर वर्षभर लोक त्याला बघून आवाज खाली करत. आता निदान चिडवत होते.

बोर्डी, घोलवड मागे पडलं. चिकूच्या वाड्यांची सावली बसमधून सरकत गेली. हिरूने मोबाईल काढला. पडद्यावर हिरवं आकाश होतं; खाली काळा डोंगर, त्याखाली पाणी. मुलाने, दीपेशने, पाठवलेला फोटो. तीन वर्षांपूर्वी एका एजंटने दीपेशला नॉर्वेत, ट्रॉम्सो नावाच्या बंदरात, मासेमारीच्या मोठ्या जहाजावर लावून दिलं होतं. तेव्हापासून तो घरी आला नव्हता. आई गेली त्या आठवड्यातही नाही. जहाज बर्फात अडकलंय, तो फोनवर रडत म्हणाला होता. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला हिरूने ते बर्फ सांगितलं होतं, दोन्ही हात लांबवून त्याची जाडी दाखवली होती. लोकांनी माना डोलावल्या होत्या. पोर तरी काय करणार.

गेल्या वर्षी आषाढातल्या अमावस्येला त्याने एकट्याने घरातले दिवे घासून पाटावर मांडले. लाडकी करायची तसं त्याला जमलं नव्हतं, एक समई वाकडीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दीपेशचा फोन आला. "बाबा, काल रात्री इकडे आकाश हिरवं झालं होतं. अमावस्या ना, मिट्ट काळोख होता. सबंध आकाशात जाळं टाकल्यासारखं हलत होतं." मग हा फोटो आला. ज्या रात्री आपण दिवे लावले त्याच रात्री पोराच्या डोक्यावर ते हिरवं जाळं पसरलं होतं, ही गोष्ट हिरूच्या मनातून गेली नाही. होळीच्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "मी येतो बघायला. येत्या आषाढ अमावस्येला." मग दीपेश म्हणाला, "ये ना, बाबा."

डहाणू रोड स्टेशनसमोर, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दिपकभाईचं ऑफिस होतं. खालून इडलीचा वास येत होता. दिपकभाई वाडीवाल्यांची दुबईची तिकिटं काढायचा, बाकी बहुतेक चारधाम.

"बसा ने, काका. तारीख पक्की?"

हिरूने कॅलेंडर टेबलावर पसरलं. पुन्हा गुंडाळू नये म्हणून एका टोकाला मोबाईल ठेवला, दुसऱ्या टोकावर कोपर. जुलैच्या पानावर बोट टेकवलं.

"ही. अमावस्या. जून-जुलै मासेमारीला सरकारी बंदी, म्हणजे आमच्या बोटी किनाऱ्यावर. आणि चंद्र पण नाही. काळोखच काळोख."

दिपकभाईने मनापासून दाद दिली. "एवढा विचार करून माझ्याकडे कोणी येत नाही. लोक शाळेची सुट्टी बघून येतात." तो कॉम्प्युटरकडे वळला, थोडं टाइप केलं, थांबला, पुन्हा टाइप केलं. मग त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"काका, एक लोचा आहे."

"काय?"

"या दिवसांत तिकडे रात्रच नाही."

"रात्र नाही म्हणजे?"

"सूर्य मावळत नाही. मलाही आत्ता कळतंय, शपथ. हे बघा." त्याने पडदा हिरूकडे फिरवला. एका धक्क्यावर लख्ख ऊन पडलं होतं. एक छोटी मुलगी सायकल चालवत होती, तिची लांब सावली तिच्यामागून धावत होती. "रात्री बारा वाजताचा व्हिडिओ आहे. तुमचंच गाव, ट्रॉम्सो. ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत तिकडे काळोख पडत नाही. ते हिरवे दिवे बघायचे तर सप्टेंबरनंतर. जानेवारी सगळ्यात चांगला."

"जानेवारीत बोट चालू असते."

"मग अवघड आहे." दिपकभाईने चष्मा खाली घेतला. "पण मुलगा तिथेच राहतो ना? त्याने सांगितलं नाही?"

हिरू पडद्याकडे बघत होता.

"पुन्हा लावा," तो म्हणाला.

मुलगी पुन्हा सायकलवरून गेली.

"आता पण असंच आहे? आजच्या रात्री?"

"आज पण. दोन-तीन दिवसांपूर्वीच चालू झालं. आता जुलैपर्यंत सूर्य पाण्याला लागायचा नाही." दिपकभाईचा आवाज जरा नरमला. "त्याला विचारा ने एकदा. आणि पत्ता पाठवायला सांगा, व्हिसाला लागतो. होळीपासून मागतोय मी."

"जहाजाला कसला पत्ता," हिरू म्हणाला. होळीलाही तो हेच म्हणाला होता, तेव्हा हसून.

त्याने कॅलेंडर गुंडाळलं. छापील बाजू बाहेर आली होती. सुतळी तो टेबलावरच विसरला; दिपकभाईने जिन्यापर्यंत मागे येऊन ती त्याच्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये त्याने मोबाईल काढला नाही. समुद्रात माणूस चुकला तर बोटीचा तांडेल आधी सगळ्या दिशा धरून बघतो. हिरूनेही तसंच केलं. जहाज एका जागी नसतं. त्या अमावस्येला ते खाली, दक्षिणेला आलं असेल, जिथे रात्र असते. पण तिथे मग हिरवे दिवे नसतील. कदाचित पोराने दुसऱ्या कुठल्या रात्रीचं सांगितलं असेल आणि आपणच अमावस्या ऐकली असेल. कदाचित दिपकभाईचा कॉम्प्युटर चुकत असेल. झाई येईपर्यंत त्याच्याजवळच्या दिशा संपल्या होत्या.

संध्याकाळी त्याने फोन केला नाही. भात टाकला, अर्धा खाल्ला, अर्धा कुत्र्याला दिला.

पहाटे नेहमीसारखी जाग आली. बोटीवर जायचं नव्हतं, तरी तो किनाऱ्यावर गेला. पूर्वेला, झाडांच्या मागे, जेमतेम फटफटत होतं. नॉर्वेत आता मध्यरात्र उलटलेली असणार, हे त्याला पाठ होतं. तीन वर्षं तो दोन घड्याळांत जगला होता. ओढून ठेवलेल्या होडीच्या कडेवर बसून त्याने नंबर लावला.

"बाबा? एवढ्या पहाटे? बरा आहेस ना?"

"बरा आहे. झोपला होतास?"

"नाय. ड्युटीवर आहे."

"जहाज कुठे आहे?"

"इथेच, ट्रॉम्सोला. जेट्टीला लागलंय."

हिरूने मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"काळोख आहे का रे तिकडे?"

"तर! मध्यरात्र आहे इकडे. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही. अमावस्या आली ना जवळ."

तिथी लक्षात होती पोराच्या. या कडेवर शेजारी बसवून हिरूनेच त्याला शिकवलं होतं, बोटांच्या पेरांवर: अष्टमीला पाणी मरतं, अमावस्येला चढतं, आणि अमावस्येची रात्र सगळ्यात काळी. झाईच्या कुठल्याही पोराने हेच उत्तर दिलं असतं.

तेवढ्यात पलीकडे काहीतरी वाजलं. लग्नाच्या बँडसारखं, वरखाली होणारं. मोठं झालं, मग लांब जात विरलं.

"काय रे ते?"

"भोंगा," दीपेश म्हणाला. "जहाजाचा."

हिरूला तो आवाज ओळखीचा होता. त्याच्या बोटीवरचा खलाशी झिपरू तलासरीचा, त्याचा पाडा हायवेला लागून. झिपरूच्या मुलीच्या लग्नाला हिरू तिथे मुक्कामाला राहिला होता. हायवेवरचे ट्रक रात्रभर हेच वाजवत जात होते, आणि सकाळी झिपरूने विचारलं होतं, तांडेल, आमची गाज कशी वाटली तुला?

"बाबा? आहेस ना?"

"आहे." समोर पाणी आत येत होतं, अजून आवाज न करता. "मी काय म्हणत होतो. माझं येणं काही होत नाही."

"का?"

"गुडघे. आणि थंडी सोसायची नाही या वयात."

"मग नको, बाबा. खरंच नको." दीपेश भरभर बोलू लागला. "लय थंडी असते. आणि तुला इथे कोण बघणार, मी ड्युटीवर. नकोच ते."

"तूच ये."

"मला आता सुट्टी—"

"मिळेल तेव्हा ये. आधी कळवू नकोस. कोणाला काही सांगायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. जेवायला ये." हिरूने पायाने वाळूत एक रेघ ओढली. "तलासरीहून सकाळची एसटी असते. माहीत आहे ना तुला."

पलीकडे आणखी एक ट्रक आला आणि गेला. त्याला भोंगा कोणी म्हटलं नाही.

"बाबा," दीपेश म्हणाला.

"ठेवतो. भरती लागली."

अमावस्येच्या उधाणाला झाईच्या बोटी वर घ्यायला सुरुवात झाली. पुढचं उधाण बंदीत येणार होतं. सकाळीच हिरूने वाळूत एक काठी रोवून ठेवली होती. पाणी इथवर चढेल, तेव्हा बोट ओढायची. शेजारच्या बोटवाल्यांनीही तीच काठी धरून आपापले ओंडके मांडले होते. कुठल्या दिवशी पाणी किती येईल हे लोक हिरूला विचारत, आणि मग दुसऱ्या कोणाला विचारत नसत.

झिपरू पाड्यावरची माणसं घेऊन आला होता. झिपरू लहानथोर सगळ्यांनाच तू म्हणायचा.

"तांडेल, बोट वर घेतो, मग तुला वर पाठवतो. थेट आकाशात!"

"नाही जात मी," हिरू दोराची गाठ तपासत म्हणाला. "रद्द केलं."

दोर धरलेले हात थांबले. टोपली घेऊन आलेली रखमी जवळ आली.

"का रे? पोराने नको म्हटलं काय?"

कोणीतरी मागे हळूच बोललं, पण वारा जमिनीकडे होता आणि सगळ्यांना ऐकू आलं. "आईला आला नाही, तो बापाला काय बोलावतो."

हिरूने गाठ सोडली. पुन्हा बांधली. मग तो मागे वळला, ज्याने ते म्हटलं त्याच्याकडे नाही, सगळ्यांकडे.

"पोर बिचारा जानेवारीत ये म्हणत होता. मीच अडून बसलो, आषाढ अमावस्येलाच येतो म्हणून. डहाणूला गेलो तेव्हा कळलं, त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळतच नाही. रात्रच नाही, तर दिवे कसले बघता?" त्याने दोर झिपरूच्या हातात दिला. "पोराने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिथी चुकली माझी."

मग झिपरू कमरेवर हात ठेवून वाकून हसला.

"ऐका रे! हिरू तांडेल तिथी चुकला!"

ते वाक्य बोटींच्या रांगेतून पुढे गेलं. टोकाच्या बोटीवरून कोणीतरी ओरडून विचारलं, मग ही काठी तरी बरोबर आहे काय? पुन्हा हशा झाला. शेजारचा बोटवाला आपल्या ओंडक्यांकडे बघून मान हलवत होता. रखमी म्हणाली, "म्हातारा झालास तू, तांडेल." हिरूही थोडा हसला. हसणं ओसरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"पुरे आता," तो म्हणाला. "दोर धरा."

लोकांनी दोर धरले. पाणी फेसाळत काठीपर्यंत आलं, तिच्या बुडाला लागलं आणि तिथेच थांबलं.