सगळेच प्रश्न सोपे

विज्ञानाच्या सरांनी प्रश्नपेढीतून नुकतीच छापून आलेली चाचणी वाचली आणि डोक्याला हात लावला.

"बाई, ही नववीची चाचणी आहे की जुना सूड?"

स्टाफरूममध्ये हशा पिकला. मलाही हसावं लागलं. मी संगणकाकडे दहा सोपे प्रश्न मागितले होते आणि त्याने इमानेइतबारे दिले होते. ते दहाही वर्गातल्या हुशार मुलांना घाम फोडतील असे होते, आणि दहाही माझ्या आईने काढलेले.

आईने याच शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर तिने आपला एकेक प्रश्न आधी स्वतः सोडवून पेढीत भरला. शेवटचा भरला तो दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी. आणि काठिण्यपातळीच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: सोपा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कागद खाली ठेवला. "तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे. पण ही पेढी वापरता येत नसेल, तर तयार पेढी विकत घेऊ आणि त्यांचे प्रश्न काढून टाकू."

"उद्यापर्यंत थांबा. याच प्रश्नांतून चार संच काढून देते."

"पहिल्या तासाला हवेत. नंतर ऐकणार नाही."

घरी बाबा कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"तिला कधी काही अवघड वाटलंय?" ते म्हणाले. "डॉक्टरांनी एवढं मोठं ऑपरेशन समजावलं, तर म्हणाली, 'सोपं आहे की हो.' मग मात्र विचारलं, वेळ किती लागेल? वेळेचं तेवढं पक्कं होतं तिचं. घड्याळ समोर ठेवून प्रश्न सोडवायची आणि मुलांसाठी त्याच्या तिप्पट वेळ लिहायची. म्हणायची, मुलांना पेन शोधायलाच निम्मा जातो."

मी लॅपटॉप उघडला. 'अपेक्षित वेळ' हा रकाना प्रत्येक प्रश्नापुढे भरलेला होता. काठिण्यपातळी बाजूला ठेवून मी वेळेप्रमाणे निवड लावली: आधी झटपट सुटणारे, मग मधले, शेवटी रेंगाळणारे. प्रत्येक धड्यातून सारखे. बाबांनी केलेला चहा गार व्हायच्या आत चारही संच तयार होते.

सकाळी सरांनी एक संच उभ्याउभ्या सोडवायला घेतला. "मला सुटतोय म्हणजे कुणालाही सुटेल," ते म्हणाले. मोठ्या बाईंनी सही केली आणि परीक्षेच्या वेळी स्वतः वर्गात येऊन थांबल्या.

घंटा झाली तेव्हा एकही मूल "बाई, पाच मिनिटं" म्हणालं नाही. एरवी अर्धा पेपर कोरा देणारी मागच्या बाकावरची मुलगी उत्तरपत्रिका हातात देत म्हणाली, "शेवटचा लई डोकं खाणारा होता बाई. पण सुटला!"

मोठ्या बाईंनी तिची उत्तरपत्रिका माझ्या हातातून घेतली, शेवटचं पान पाहिलं आणि परत दिली.

"विकत काही घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता सगळ्या विषयांच्या चाचण्या अशाच काढायच्या. तुम्ही शिकवा सगळ्यांना."

सर घाबरले. "म्हणजे मी माझा प्रत्येक प्रश्न आधी घड्याळ लावून सोडवायचा? प्रत्येक?"

"सोपं आहे की हो," मी म्हणाले.